गारमेंट फॅक्टरीची बिल्डिंग सुरक्षित आहे का? पहिल्यांदाच तपासणाऱ्यांसाठी

कम्प्लायन्समध्ये, म्हणजे फॅक्टरी नियम पाळते का ते बघायच्या कामात, नवीन लागलात, किंवा फॅक्टरीच्या सेफ्टी कमिटीवर नाव आलंय, किंवा सिव्हिल करून नुकतेच ऑडिटच्या कामाला लागलात आणि समोर पाच-सहा मजली गारमेंट फॅक्टरी उभी आहे, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. हे वाचून कोणी स्ट्रक्चरल इंजिनियर होणार नाही, शेवटचा निर्णय त्याचाच असतो, पण कुठे बघायचं, काय मोजायचं, काय विचारायचं आणि कधी सगळं थांबवून लोकांना बाहेर काढायचं एवढं नक्की कळेल.

नवीन माणूस आत गेला की भिंती बघतो आणि मशीन बघतो, कारण भेग भिंतीवर दिसते आणि आवाज मशीनचा येतो. पण कॉलम-बीमच्या बिल्डिंगमध्ये भिंत म्हणजे बहुतेक वेळा नुसता आडोसा, वजन पेलतात ते कॉलम. आणि शिलाईच्या लाइनपेक्षा कितीतरी जास्त वजन कापडाच्या आणि कार्टनच्या गोडाऊनमध्ये असतं. म्हणून कॉलम बघा आणि गोडाऊन बघा. ही बिल्डिंग किती वजनासाठी बांधली होती आणि आज तिच्यावर किती वजन आहे, सगळी तपासणी शेवटी या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला असते.

ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा २४ एप्रिल २०१३ ला सकाळी कोसळली, १,१३४ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. तिथे काय झालं ते या कामातल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं. बिल्डिंग दुकानं आणि ऑफिसांसाठी बांधलेली, तिच्यात पाच गारमेंट फॅक्टऱ्या, वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले, जागेचा काही भाग भर टाकून बुजवलेल्या तळ्याचा, आणि डिझेल जनरेटर वरच्या मजल्यांवर. आदल्या दिवशी मोठे तडे दिसले, इंजिनियरने येऊन बिल्डिंग धोकादायक आहे म्हणून सांगितलं, खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, आणि शिलाईवाल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. सकाळी लाइट गेली, जनरेटर सुरू झाले, आणि थोड्याच वेळात सगळं खाली आलं. त्यातल्या काही फॅक्टऱ्यांची ऑडिटं त्याआधी झालेली होती, पण त्या ऑडिटमध्ये बिल्डिंगची ताकद तपासायचा भागच नव्हता. तेव्हा "आमचं ऑडिट झालंय" असं कोणी म्हणालं की लगेच विचारा, कशाचं?

आधी हे, मग बाकी

तपासणी करता करता यातलं काहीही दिसलं तर फॉर्म भरत बसू नका, त्या भागातलं काम थांबवून लोकांना शांतपणे खाली आणा आणि इंजिनियरला बोलवा:

- कॉलमला उभी भेग पडून काँक्रीट फुगलंय, सुटतंय, किंवा सळ्या वाकून बाहेर आल्यात
- स्लॅबच्या वरच्या बाजूला कॉलमभोवती गोल किंवा चौकोनी भेग पडलीय
- बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, तिरकी भेग आहे आणि ती कालच्यापेक्षा आज मोठी दिसते
- फटकन तुटल्यासारखे किंवा करकर असे आवाज, अचानक अडकायला लागलेली दारं, आपोआप तडकलेल्या काचा
- मजला डोळ्याला दिसेल इतका खाली बसलाय

"शिपमेंट गेली की बघू" हे उत्तर इथे चालत नाही. आणि कामगार स्वतःहून आत जायला नको म्हणत असतील तर त्यांना ढकलू नका, त्यांची हजेरी कापली जाणार नाही हे मॅनेजमेंटकडून तिथल्या तिथे लिहून घ्या, कारण पगाराच्या भीतीने माणूस तडा बघूनही आत जातो.

पहिली पायरी: कागद

मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, मातीचा रिपोर्ट, वापराचा परवाना आणि नंतर जे काही वाढवलं त्याची परवानगी, एवढं मागा. मिळेल ते घ्या, आणि जे मिळालं नाही त्याचीही नोंद करा, कारण ड्रॉइंग नसणं ही स्वतःच एक मोठी माहिती आहे, मग पुढे इंजिनियरला सळ्या स्कॅन करून आणि पायाजवळ खणून सगळं उलट्या बाजूने शोधावं लागतं.

कागदात तीन गोष्टी बघा. किती मजले मंजूर आहेत, कशासाठी मंजूर आहेत आणि प्रत्येक मजल्यावर किती लाइव्ह लोड धरलाय. लाइव्ह लोड म्हणजे माणसं, माल, मशीन, जे येतं-जातं ते वजन. भारतीय मानकात घरासाठी साधारण २०० किलो दर चौरस मीटरला, ऑफिसला २५० ते ४००, आणि हलक्या मशीनच्या कारखान्याला ५०० धरतात. म्हणजे राहायला बांधलेल्या बिल्डिंगमध्ये फॅक्टरी टाकली तर सुरुवातच अडीचपटीच्या फरकाने होते, हे कुठल्याही भेगेच्या आधीच कळतं.

दुसरी: बाहेरून आणि गच्चीवर

रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा आणि मजले मोजा. खरंच मोजा, नकाशावर पाच आणि समोर साडेसहा असं सर्रास निघतं, अर्धा म्हणजे गच्चीवरची पत्र्याची शेड, जिच्यात कॅन्टीन किंवा जुन्या मालाचं गोडाऊन असतं. वरच्या मजल्याची वीट, खिडक्या, रंग वेगळा वाटला तर तो नंतर चढवलाय का विचारा. गच्चीवर कॉलमच्या सळ्या उघड्या सोडल्या असतील तर अजून मजला चढवायचा बेत आहे हे समजा.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या मोजा, १,००० लिटर म्हणजे १ टन, हा हिशोब सोपा आहे आणि तरी कोणी करत नाही. टाकी कॉलमवर आहे की स्लॅबच्या मधोमध? मोबाइल टॉवर, जनरेटर, चिलर, बांधकामाचा राहिलेला राडारोडा, सगळं लिहून घ्या. बाजूच्या प्लॉटवर खोल खोदकाम चालू असेल तर तेही लिहा, शेजारच्या खड्ड्याने आपला पाया सुटू शकतो.

ओळंबा सोडून बिल्डिंग कललीय का बघता येतं, आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन टोकांच्या कॉलमवर लेव्हल घेऊन एखादा कोपरा बसलाय का तेही कळतं. दोन्ही स्वस्तातली साधनं, अंदाजापुरती चांगली.

तिसरी: कॉलम, एकेक करून

इथे वेळ द्या, अर्धा दिवस गेला तरी चालेल. मजल्याचा नकाशा घ्या, कॉलमना एका बाजूने अ, ब, क आणि दुसऱ्या बाजूने १, २, ३ असे नंबर द्या आणि प्रत्येक कॉलम चारही बाजूंनी, तळापासून बीमपर्यंत बघा. कॉलमला टेकवून कार्टन रचलेले असतात, ते हलवायला सांगा. "त्याच्यामागे काही नाही" असं म्हणतील, तरी हलवायला सांगाच, कारण जमिनीलगतचा एक-दीड फूट भाग हीच जागा जिथे ओल धरते, प्लास्टर पोकळ होतं आणि आत सळी गंजते. बोटाच्या सांध्याने किंवा छोट्या हातोडीने ठोका, भरीव कॉलम टणक आवाज देतो, सुटलेलं प्लास्टर भदभद वाजतं. तिथलं प्लास्टर काढलं की खाली नुसती प्लास्टरची भेग होती की काँक्रीटचीच होती ते दिसतं, आणि काँक्रीटला सळीच्या रेषेत, वरून खाली, तांबूस डाग असलेली सरळ भेग असेल तर आतली सळी गंजून फुगलीय आणि तिने कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, बाहेर ढकललंय. एवढ्यावर पुन्हा प्लास्टर मारून रंग दिला तर दिसायचं बंद होतं, गंजायचं नाही.

माप घ्या, प्लास्टर सोडून. तळमजल्याचा कॉलम आणि वरच्याचा कॉलम एकाच रेषेत आहेत का बघा, वर कॉलम आहे आणि खाली नाही, तो बीमवरच उभा आहे, असं आढळलं तर लाल पेनने लिहा. मशीन आत न्यायला किंवा डक्ट टाकायला कोणी बीम, कॉलम फोडलाय का तेही बघा, विशेषतः एसी, स्टीम पाइप आणि केबलच्या जागी. आणि बीम नसलेला, कॉलमवर थेट टेकलेला सपाट स्लॅब असेल तर जास्त सावध, असा स्लॅब जास्त वजनाखाली कॉलमभोवती आरपार फाटू शकतो आणि तेव्हा फारशी आगाऊ सूचना मिळत नाही.

चौथी: भेगा वाचायच्या कशा

सगळ्याच भेगा घाबरायच्या नसतात. प्लास्टरवरचं जाळं, भिंत आणि बीमच्या सांध्यातली बारीक आडवी रेघ, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली केसासारखी तिरकी रेघ, यातल्या बहुतेक सुकण्याच्या किंवा दोन वेगळ्या मटेरियलच्या असतात. बीमच्या मध्यभागी खालून वर जाणारी बारीक उभी भेग वाकण्याची असते, थोडी चालते, रुंद झाली की नाही. बीमच्या टोकाची साधारण ४५ अंशातली तिरकी भेग ही शिअरची, म्हणजे बीम कापला जातोय याची, ती बारीक असली तरी इंजिनियरला दाखवायची. कॉलमवरची भेग कुठलीही असो, दाखवायची.

०.३ मिमीच्या आसपासपर्यंतची रुंदी काँक्रीटमध्ये बऱ्याच ठिकाणी चालवून घेतात, त्यासाठी क्रॅक गेज नावाची पारदर्शक पट्टी मिळते. पण रुंदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे भेग वाढतेय का. दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख टाका, आणि भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवून ठेवा, भेग हलली की काच तडकते. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा आणि आधी लांबून, मग जवळून काढा, नाहीतर ऑफिसात आल्यावर सगळ्या भेगा सारख्याच दिसतात आणि कुठली कुठे होती तेच कळत नाही.

सफाईवाले आणि मेंटेनन्सवाले यांच्याशी बोला. कुठल्या बाथरूमखाली गळतं, कुठलं प्लास्टर दर वर्षी पुन्हा मारतात, जनरेटर लागला की कुठला मजला थरथरतो, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि त्यांना कोणी विचारत नाही.

पाचवी: वजन करा, अंदाज नको

फ्लोअर इन्चार्ज म्हणेल कापडच तर आहे, कापडाचं काय वजन. काटा मागवा.

समजा कापडाचा एक रोल २५ किलोचा निघाला, आणि दीड मीटर बाय १.२ मीटरच्या जागेत ४० रोल रचलेत, साधारण पुरुषभर उंच. झाले १,००० किलो, जागा १.८ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ५५५ किलो. कारखान्याचा ५०० चा मजला असता तरी ओलांडला, ऑफिसचा असेल तर विचारूच नका. तयार मालाचं बघू. कार्टन ६० बाय ४० सेंटिमीटरचा, १२ किलो, सात एकावर एक, तर ८४ किलो भागिले ०.२४, म्हणजे ३५० किलो. ही थप्पी बघायला अगदी साधी वाटते आणि फिनिशिंगच्या मजल्यावर भिंतभर असते.

शिलाईची लाइन त्या मानाने हलकी, मशीन, टेबल आणि माणूस धरूनही दोन लाइनमध्ये वाट असल्यामुळे वजन पसरतं. कटिंगचं टेबल वजनाने मधलं. वॉशिंग मशीन पाण्यासकट जड आणि हलणारी, जनरेटर आणि कंप्रेसरही हलणारे, यांची जागा तळमजल्यावर किंवा वेगळ्या पायावरच हवी. बॉयलर तर लोकांपासून लांब, वेगळ्या खोलीत.

हे सगळं त्याच कॉलमच्या नकाशावर लिहा, कुठल्या चौकटीत दर चौरस मीटरला किती. आणि वर्षातला सगळ्यात भरलेला दिवस धरा, मोठी शिपमेंट निघायच्या आदल्या आठवड्यातला, तपासणीसाठी आवरून ठेवलेला नाही.

सहावी: एका कॉलमचा कच्चा हिशोब

कॉलम ६ मीटर बाय ६ मीटरवर आहेत असं धरू. मधल्या कॉलमवर प्रत्येक मजल्याचा ३६ चौरस मीटर भाग येतो. १५० मिमीचा स्लॅब एकटाच ३७५ किलो दर चौरस मीटर, फरशी, बीम, भिंती धरून स्वतःचं वजन ७०० च्या आसपास जातं, वर लाइव्ह लोड २५० धरा, झाले ९५०. गुणिले ३६ म्हणजे ३४ टन दर मजल्याला, सहा स्लॅब असले की तळाच्या कॉलमवर साधारण २०५ टन.

आता कॉलम ३०० बाय ४५० मिमीचा असेल तर त्याच्यावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १५ न्यूटन येतात (१ टन म्हणजे साधारण १०,००० न्यूटन). ४५० बाय ६०० चा असेल तर साडेसात. ज्या काँक्रीटची ताकद २० न्यूटनची, त्याचा कॉलम सळ्यांची मदत धरून रोजच्या वापरात साधारण ७ ते ९ पर्यंत सुरक्षित समजतात. म्हणजे मोठा कॉलम ठीक, छोटा त्याच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट ताणलेला, आणि बाहेरून दोन्ही सारखेच रंगवलेले, एकावरही भेग नाही. एवढ्यासाठीच हा हिशोब करायचा. यात वारा, भूकंप, कॉलमचं वाकणं काहीच धरलेलं नाही, म्हणून आकडा बरा आला तरी तो सर्टिफिकेट नव्हे, पण वाईट आला तर मात्र वाट बघायची नाही, त्या कॉलमभोवतालचा माल त्याच दिवशी खाली उतरवायला लावा.

सातवी: टेस्ट

टेस्ट इंजिनियर ठरवतो, तुम्हाला काय चाललंय ते कळलं पाहिजे. रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर मारून उसळी मोजायचं साधन, फक्त वरच्या थराचं सांगतो, प्लास्टरवर मारलेला तर काहीच सांगत नाही, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक झालेला असल्यामुळे आकडा फुगवून येतो. कुठला कॉलम इतरांपेक्षा कमजोर आहे हे शोधायला तो चांगला, ताकद ठरवायला एकटा पुरत नाही. अल्ट्रासाउंड टेस्टने आतली पोकळी आणि एकसारखेपणा समजतो. सळ्या किती आणि कुठे ते स्कॅनरने. फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडलं की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, जिथे रंग येत नाही तिथपर्यंत सळीचं संरक्षण गेलंय.

खरी ताकद कोअर काढून, म्हणजे दंडगोल तुकडा कापून दाबून बघूनच कळते. कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नाही, अशी नेहमीची अट असते. कोअर काढताना आधी सळी स्कॅन करा, आणि भोक न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, लगेच भरून घ्या. आणि कोअर फॅक्टरीने दाखवलेल्या कॉलममधून नको, तुमच्या कच्च्या हिशोबात जे ताणलेले निघाले त्या भागातून, नेमकी जागा इंजिनियरने ठरवलेली. बांगलादेशात दगडी खडी कमी म्हणून विटांच्या तुकड्यांचं काँक्रीट खूप असतं, तिथे ड्रॉइंगवरच्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

आठवी: रिपोर्ट आणि त्यानंतर

"बिल्डिंग पाहिली, सुस्थितीत आहे" असं एका पानावर लिहून शिक्का मारलेला कागद म्हणजे रिपोर्ट नव्हे. त्यात धरलेला लोड, टेस्टचे आकडे आणि जागा, प्रत्येक कॉलमचा हिशोब, आणि काय, कधीपर्यंत करायचं हे हवं. राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये कायद्याने बांधील असा अकॉर्ड नावाचा करार झाला, त्याखालच्या तपासण्यांत कामं तातडीची, सहा आठवड्यांची आणि सहा महिन्यांची अशी वाटली जायची आणि रिपोर्ट सगळ्यांना वाचायला खुले ठेवले जायचे. ही पद्धत कुठेही उचलण्यासारखी आहे, निदान रिपोर्टची प्रत सेफ्टी कमिटीच्या हातात आणि नोटीस बोर्डावर पाहिजेच.

दुरुस्तीत कॉलमला जॅकेटिंग (भोवती सळ्या आणि नवीन काँक्रीटचा थर), स्टीलचे अँगल, फायबर गुंडाळणं असे मार्ग आहेत आणि ते इंजिनियरच्या डिझाइननेच व्हावेत. पण सगळ्यात पटकन होणारं आणि जवळजवळ फुकटचं काम म्हणजे वजन उतरवणं: गोडाऊन तळमजल्यावर आणा, गच्चीवरची शेड रिकामी करा, जास्तीच्या टाक्या काढा. दुरुस्ती होईपर्यंत तो मजला रिकामा ठेवायचा की बिल्डिंगच, हे इंजिनियरकडून लेखी घ्या.

मग लोड प्लॅन. प्रत्येक मजल्याचा नकाशा, कुठल्या चौकटीत काय ठेवायचं आणि किती उंचीपर्यंत. किलो दर चौरस मीटर हा आकडा गोडाऊनमधल्या हमालाला काही सांगत नाही, त्यामुळे भिंतीवर आणि कॉलमवर लाल पट्टा रंगवा, कार्टन याच्या वर नाही, रोल त्या दुसऱ्या पट्ट्याच्या वर नाहीत, आणि जमिनीवर पिवळ्या रेघा, याच्या बाहेर माल नाही. एका माणसाला नावाने जबाबदारी द्या आणि नको म्हणायचा अधिकारही द्या, नाहीतर प्रॉडक्शन मॅनेजरचा एक फोन आला की पट्ट्याच्या वर दोन थर चढतात. नवीन मशीन येणार, लाइन हलणार, पार्टिशन उभं राहणार, टाकी वाढणार, की आधी या जबाबदार माणसाच्या सहीशिवाय काही नाही, आणि तो सही करायच्या आधी इंजिनियरला नकाशा पाठवतो. भूकंप, आग किंवा पूर येऊन गेला तर पहिल्या पायरीपासून पुन्हा, आणि आगीनंतर काँक्रीट काही न शिंपडताच गुलाबीसर दिसत असेल तर त्या भागात साफसफाईलासुद्धा माणसं पाठवायच्या आधी इंजिनियर.